दहापैकी दोन

बारावीच्या वर्षी क्लाससाठी मी जवळच्याच मुरुडहून लातूरला आले आणि मुलींच्या होस्टेलात राहिले. दर रविवारी दुपारी मेसमधल्या टीव्हीवर गाण्यांचं चॅनल लागायचं. तेव्हाच्या नव्या पॉप गाण्यांना मी फिजिक्सच्या वहीच्या मागच्या पानावर दहापैकी मार्क द्यायचे. मुली वही मागून घ्यायच्या, भांडायच्या. त्यामुळे आपण कुणीतरी आहोत असं मला वाटायला लागलं होतं.

खरं तर ते मार्क माझे नव्हतेच. आमच्या मजल्यावर एका डाळमिलवाल्यांची मुलगी होती, शाळा पुण्यात झालेली. ती ज्या गाण्याला नाक मुरडायची, त्याचे मी मार्क कापायचे. इंग्रजी गाण्यांतलं अक्षरही कळत नव्हतं, तरी त्यांना नऊच्या खाली कधी दिलं नाही.

माझ्या खोलीत किनवटकडची एक मुलगी होती. आश्रमशाळेत शिकलेली, अबोल. तिच्याजवळ एकच कॅसेट होती. त्यातलं एक हिंदी पॉप गाणं, ढोलाच्या ठेक्याचं, साध्या शब्दांचं, ती कपडे धुताना, वेणी घालताना गुणगुणायची. एका रविवारी नेमकं तेच टीव्हीवर लागलं. ती ताटावरून उठलीच.

"याला किती देऊन राहिली? लई भारी हाय ना?"

सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. डाळमिलवालीच्या ओठांवर आधीच हसू होतं.

"दोन," मी मोठ्यानं म्हणाले. "ट्रकवाल्यांचं गाणं आहे. तुमच्या जंगलात चालत असेल."

सगळी मेस हसली. तीही थोडी हसली आणि खाली बसून जेवू लागली. पुढे वर्ष संपेपर्यंत आम्ही एकाच खोलीत राहिलो. मला ताप आला तेव्हा रात्रंदिवस तिनंच बघितलं. पण ते गाणं पुन्हा तिच्या तोंडून ऐकलं नाही आणि मीही कधी विषय काढला नाही.

गेल्या हिवाळ्यात नांदेडला एका लग्नात ती दिसली. शिक्षिका झालीय, तिकडेच किनवटला. जेवणं झाल्यावर मी तिला बाजूला घेतलं आणि घाईघाईनं सांगून टाकलं, "ते गाणं मला आवडायचं गं. सगळ्यांत जास्त."

"मला म्हाईत होतं की," ती म्हणाली. "न्हाणीत नळ सोडून म्हणायचीस. बाहेर सगळं ऐकू यायचं."

"मग त्या दिवशी सगळ्यांसमोर सांगितलं का नाहीस?"

"कशाला? तुझं पडलेलं तोंड बघवलं नसतं मला."

इतकी वर्षं मी तिच्या रागाची तयारी करून ठेवली होती. हे ऐकायची तयारी नव्हती. "चुकलं माझं," एवढंच कसंबसं म्हणाले.

"हाव, चुकलंच," ती शांतपणे म्हणाली. "लई लागलं होतं तेव्हा." मग तिच्या नवऱ्यानं हाक मारली, गाडीची वेळ झाली होती. माझ्या हातावर हात ठेवून ती निघाली.

"कोण होती गं?" माझ्या मुलीनं विचारलं.

मैत्रीण म्हणावंसं वाटलं, पण जीभ रेटली नाही. "होस्टेलात होती माझ्या खोलीत," मी म्हणाले आणि उगाच पदर सारखा करत राहिले.