राऊतकाकांचा पन्नास हर्ट्झ

राऊतकाकांनी मॉनिटर काउंटरवर ठेवला. खोक्यात नव्हता, चादरीत गुंडाळलेला होता. मागोमाग रिक्षावाल्याने सीपीयू आणून ठेवला.

"पोरी, हा परत घे. माजा जुना याच्यापेक्षा बरा होता."

शेठनी मोबाइलमधून मान वर केली.

बोईसरच्या या कॉम्प्युटरच्या दुकानात मी मागच्या खोलीत रिपेअरिंग करायचे. त्याच महिन्यात मला काउंटरवर घेतलं होतं, तेही ट्रायलवर. माणसांपेक्षा मला मदरबोर्ड सोपे जातात. पण मागच्या खोलीत खिडकी नाही, आणि मला काउंटर हवा होता.

चार दिवसांपूर्वी शेठ काकांना फोर-के मॉनिटर दाखवत होते. फोर-के म्हणजे स्क्रीनवर खूप जास्त ठिपके, चित्र एकदम स्पष्ट. काका रिटायर झालेत आणि बेटेगावात बसून पुतण्याबरोबर गोळीबाराचा गेम खेळतात. त्यांचं ग्राफिक्स कार्ड मध्यम. एवढे ठिपके रंगवताना ते दमलं असतं आणि चित्र अडखळलं असतं. म्हणून मी न विचारता मध्येच बोलले, "काका, साधा फुल एचडी घ्या, पण वन सिक्स्टी फाइव्ह हर्ट्झचा." म्हणजे सेकंदाला एकशे पासष्ट वेळा चित्र बदलणारा. ठिपके कमी, वेग जास्त.

काकांनी तोच घेतला आणि शेठनी तेव्हा बिल फाडलं. आता बोलले. "तूच विकलास, तूच निस्तर. परत आला तर सोमवारपासून मागची खोली."

मी सगळं जोडलं. माउस हलवला. बाण उड्या मारत होता. डिस्प्ले सेटिंग उघडलं, तर तिथे पन्नास हर्ट्झ.

"हे कोणी केलं?"

"मीच," काका छाती काढून म्हणाले. "एकशे पासष्टवर लावून दिलेलास तू. तारापूरला सव्वीस वर्षं कारखान्यात इलेक्ट्रिशियन होतो मी. आपला सप्लाय पन्नास हर्ट्झचा हाय. जळला असता ना!"

दुकानातली दोन गिऱ्हाइकं माना डोलावत होती. शेठसुद्धा.

सव्वीस वर्षांच्या इलेक्ट्रिशियनला वीज शिकवायची, तीही चारचौघांत. मी बोलण्याऐवजी मॉनिटरचा अडॅप्टर उलटा करून त्यांच्यापुढे धरला. काकांनी चष्मा वर करून त्यावरचं बारीक अक्षर वाचलं.

"आउटपुट डीसी?"

"हो काका. डीसीला हर्ट्झ नसतात ना? पन्नास इथेच संपतं. पुढचे हर्ट्झ स्क्रीनचे स्वतःचे."

त्यांनी चष्मा परत खाली घेतला. मग म्हणाले, "डीसी हाय हे आदी का नाय बोललीस? मी कशाला चार दिवस गेममदी मेलो असतो?"

मी एकशे पासष्ट लावलं. काकांनी काउंटरवरच गेम सुरू केला आणि अर्ध्या मिनिटात मेले.

"आता काय झालं?" शेठनी घाबरून विचारलं.

"काय नाय. आदी कुठून गोळी आली तेच कळत नव्हतं. आता मारणारा चांगला दिसला."

चादर, मॉनिटर, सीपीयू रिक्षात घालून काका गेले. शेठ म्हणाले, "सोमवारी लवकर ये, काउंटर पुसायचाय."

तेव्हापासून मी गिऱ्हाइकाला कोणता गेम खेळता हे विचारतेच. पण त्याआधी कामाला कुठे होता, हे विचारते.