चौघं या

नायगावच्या अलीकडं एका फाट्यावर आमची बस थांबली. बौद्धवाड्यातली माणसं स्मशानाच्या वाटेसाठी रस्त्यावर बसली होती. सगळ्यांत पुढं पांढऱ्या लुगड्यातली एक जाडजूड आजी होती. तिला उठवायला दोन पोलीस आले.

"दोघांचं काम न्हाई, बाबा. चौघं या," ती म्हणाली.

खरंच चौघं लागले. "हळू चला रे," म्हणत आजी त्यांच्या हातांवर ऐसपैस रेलली. बसमधले आम्ही खिडक्यांतून हसत होतो, पोलीसही हसत होते.

"मेल्यावर आमाला न्यायला वाट न्हाई," आजी वरूनच म्हणाली. "म्हणून जित्तेपणीच निघाले."

आमचं हसू तिथंच विरलं. पोलिसांनी तिला अलगद खाली ठेवलं.

"थांबलात का?" जीपमधून साहेब ओरडले.

घाम पुसत एक पोलीस म्हणाला, "साहेब, आधी वाटेचं बघा की."