बंदुकीचं तेवढं विचारायचं नाही

मानवतच्या स्टँडवर मला सोडायला अण्णा आले होते. अण्णा म्हणजे माझे वडील, गावातल्या दवाखान्यात कंपाउंडर. बस हलेपर्यंत त्यांचं एकच पालुपद. "अमेरिकेला जायलास, जा. पण पेशंटला घरातलं इचारायला लाजू नको. दुखणं लय येळा घरातच असतंय."

आपल्याकडे कुणी गप्प गप्प राहू लागलं, की डॉक्टर नाडी धरतानाच विचारतात, फवारणीचं औषध कुठं ठेवलंय? त्याच दिवशी डबा शेजाऱ्याच्या माळ्यावर जातो. त्यात कुणाला अपमान वाटत नाही.

मी ज्या राज्यात येऊन पडलो, तिथल्या शहाण्यांनी कायदाच करून ठेवला होता, की डॉक्टरनं पेशंटला बंदुकीबद्दल विचारायचं नाही. पोट साफ होतं का, दारू किती पिता, बायकोशी पटतं का, सगळं खुशाल विचारा. बंदूक मात्र पडदानशीन. सुरक्षेसाठी गरज असेल तर विचारा, अशी एक फट होती. पण गरज होती की नव्हती, हे नंतर वकील ठरवणार. आमच्या क्लिनिकच्या मॅनेजरबाई तर तो शब्दही काढू देत नसत. असल्या कायद्याला आमच्या मानवतच्या पारावर कुणी चहासुद्धा विचारला नसता.

एकदा सत्तरीतला एक ट्रकवाला आला. बायको नुकतीच गेलेली, झोप नाही. जाता जाता सहज म्हणाला, कुत्रं पुतण्याला देऊन टाकलं. जीव लावलेलं असं देऊन टाकणारा माणूस निरवानिरव करत असतो. मी दार लोटलं आणि थेट मानवतच्या थाटात विचारलं, "घरात बंदूक कुठं ठेवता?" आहे का, हे विचारायचं भानच राहिलं नाही.

म्हातारा लालबुंद झाला. त्यानं मला कायदा शिकवला, वर माझ्या देशाचा उद्धार केला. मी ऐकून घेतलं, पण उठलो नाही. बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "उशाशी."

त्याच्याच फोनवरून त्याच्या लेकीला बोलावलं. संध्याकाळच्या आत बंदूक तिच्या घरी गेली.

दुसऱ्या दिवशी त्यानं माझी तक्रार केली. मॅनेजरबाईंनी लेखी समज दिली. पुढं कोर्टानं तो कायदा बराचसा मोडीत काढला, पण म्हाताऱ्यानं मला काही माफ केलं नाही. दर महिन्याला तपासायला माझ्याकडेच येतो आणि बाहेर बसून नव्या पेशंटना बजावतो, की हा डॉक्टर भलता भोचक आहे, जपून राहा.

मानवतकरांनो, तुम्ही फोनवर विचारता, तिकडं घरच्यासारखं वाटतं का? वाटतं. दाराबाहेर माझी निंदा सुरू झाली की वाटतं. ज्या महिन्यात ती ऐकू यायला उशीर होतो, त्या महिन्यात मी परदेशात असतो.