इतवाऱ्यातली माझी भिंत

माझा भाचा चित्रकार आहे. चाकाच्या फळीवरून उड्या मारणारी पोरं, रंगाने बरबटलेल्या भिंती, पडकी घरं, असलंच काढतो. लोक ते दिवाणखान्यात लावतात, स्वतःच्या घराला मात्र पोपडा येऊ देत नाहीत.

इतवाऱ्यातल्या माझ्या घराच्या भिंतीचा फोटो पाहून त्याने कळवलं, "मामा, हात लावू नका, मी येतो." मी कशाला लावतो? मुलीच्या लग्नात बायकोने त्या भिंतीवर गेरूत बुडवलेल्या हातांचे थापे मारले होते. बायको वारल्यापासून मी तिथे कोणाला टेकूही देत नव्हतो.

मी त्याला घ्यायला स्टेशनावर गेलो. मोठा कलाकार येतो म्हणून तेवढ्यात गल्लीने सगळ्या भिंती चुन्याने पांढऱ्या केल्या, माझीही. शेजारी म्हणाला, "काका, गंदी दिसत होती. पाहुण्यासमोर शरम नको."

भाचा डोकं धरून सोबत आणलेल्या चाकाच्या फळीवर बसला. मी ओल्या फडक्याने चुना पुसला, तर गेरूही निघून आला.

मग त्याने फोटोवरून ती भिंत कापडावर रंगवली. पोपडे हुबेहूब आले.

"हात मोठे का काढले?"

"उठून दिसतात, मामा."

"तिचे लहान होते. परत काढ."