दादाच्या पायाचा सत्कार

दादाचा पाय आमच्या तात्यांनी घालवला. शत्रूनं नाही. शत्रूनं प्रयत्न केला होता, पण त्याला तेवढं जमलं नाही. तात्या म्हणजे आमचे वडील. घरात जखमी फौजी असला की असले किस्से कारखान्याच्या गेटवर उसाच्या गाड्या तुंबाव्यात तसे तुंबत जातात. थोडे इथं खाली करतो.

*

सीमेवर गोळा पडला आणि दादाच्या डाव्या पायाची नडगी फुटली. त्याच्या तुकडीत गुरमीत नावाचा नर्सिंग असिस्टंट होता. तो सरपटत आला, मांडीला पट्टा आवळला आणि त्यात अडकवलेली कांडी रक्त थांबेपर्यंत पिळत गेला. दादा त्याला आईवरनं शिव्या देत होता, त्याही मराठीत.

गुरमीत म्हणाला, "देता रह गाली. तू चुप हुआ, तो मैं डरूँगा."

मग पट्टा कधी बांधला ती वेळ त्यानं दादाच्या कपाळावर पेनानं लिहिली. पुढच्या डॉक्टरला विचारत बसायला नको म्हणून. सर्जननी पाय वाचवला.

*

त्या कपाळाचा फोटो आमच्या आबांनी, म्हणजे थोरल्या चुलत्यांनी, मोबाइलवर बघितला.

"ह्ये काय लिवलंय?"

"पट्टा बांधल्याची वेळ."

"आरं मग तारीख बी टाकायची. बॅनरला बरं पडलं असतं."

*

दादा सुट्टीवर गावी, अंथुर्ण्याला आला तेव्हा त्याच्या हाडात सळया होत्या आणि त्यांना जोडलेली चौकट पायाच्या बाहेर. सर्जननी बजावलं होतं, पाय उंच ठेवायचा, सळया शिरतात ती भोकं रोज साफ करायची, धूळ लागू द्यायची नाही, ताप आला तर तडक परत.

गाव बघायला लोटलं. चपला घालूनच. कारखान्यातला एक वेल्डर सळईवर टिचकी मारून म्हणाला, "फिनिशिंग न्हाय, पण धरंल."

दादाच्या डोळ्यांतनं पाणी आलं.

"बघा," आबा म्हणाले, "गावाचं प्रेम बघून पोराला भरून आलं."

*

मिरवणुकीचं ठरलं. उघडी जीप, डीजे, जेसीबीतनं गुलाल.

मी म्हणालो, "तात्या, त्या भोकांत गुलाल गेला तर पाय सडंल."

"फार्मसी दुसऱ्या वर्षात सोडलेल्यानं मला शिकवू नये. गुलालानं आजवर कुणाचं वाईट झालंय?"

दादा हवालदार आहे. तिकडं त्याच्या शब्दावर जवान उठतात-बसतात. तात्यांपुढं तो एवढंच म्हणाला, "टॉवेल गुंडाळून घेतो."

त्याला जीपच्या बॉनेटवर बसवला, पाय खाली लोंबता. जेसीबीनं बकेट उलटी केली. टॉवेल लाल, पट्टी लाल.

तात्या माइकवर म्हणाले, "देशासाठी रक्त सांडायला आमचं घर कधी मागं न्हाय."

*

दुसऱ्या दिवशी ताप चढला. भोकांतनं गुलाबी पू यायला लागला. मी साफ करायला घेतलं की दादा शिव्या द्यायचा. मला, तात्यांना, त्या जेसीबीला. मी गाडीची किल्ली मागितली, पुण्याला मिलिटरीच्या दवाखान्यात नेतो म्हणालो.

किल्ली तात्यांच्या खिशात. "उद्या इंदापुरात तालुक्याचा सत्कार हाय. लोकास्नी शब्द दिलाय. तेवढा उरकू, मग न्हेऊ."

मी ॲम्ब्युलन्स बोलावली. ती तात्यांनी फाट्यावरनंच ड्रायव्हरला चहा पाजून परत लावली.

*

इंदापुरात दादाला चौघांनी उचलून स्टेजवर खुर्चीत ठेवला. फेटा बांधला, शाल घातली, मांडीवर नारळ दिला. सकाळपर्यंत शिव्या देणारा माणूस आता एक शब्द काढत नव्हता. निवेदक नाव पुकारत होता तरी मान वर नाही.

तात्या माझ्या कानाशी वाकले. "बघ. मान मिळाला की माणूस कसा गप होतो."

पुण्याला मिलिटरीच्या दवाखान्यात दादाचा डावा पाय मांडीतून कापला.