खालून येणारा सूर्य

पडदा वर जातो. मागे मंगरूळपीरकडचं उघडं टेकाड, त्यावर कोवळ्या हरभऱ्याचा तुकडा. पुढे विहीर, आणि तिच्या काठी लोखंडी खांबांवर निळ्या काचेच्या सौर पाट्या. डावीकडून ललिताबाई येते. हातभर गोंदण, आणि चाल अशी की तांड्यातली कुत्रीसुद्धा वाट सोडतात.

या बाईचा एक नेम होता. घरात नवं काही आलं, मग ती सून असो की शिलाई मशीन, तिथली भुई शेणानं सारवल्याशिवाय तिला चैन पडायचं नाही. सौर पंप बसला तेव्हा ती माहेरी होती. परतून पाहते तर पाट्यांखाली पांढऱ्या गोट्यांचा पसारा! गवंड्यानं टाकून दिले असतील, म्हणून तिनं टोपल्या भरभरून ते बांधावर नेले आणि भुई गुळगुळीत सारवली.

तेव्हापासून टेकाडावरचे फवारे दुपार कलली की मान टाकायचे. तिचा किशन दरसाल ऊसतोडीला जायचा. यंदा त्यानं शब्द दिला होता, टेकाड भिजलं तर राहीन. आता तो बोचकं बांधत होता.

"याडी, उद्या सांजेले ट्रक येते. फवारा तं फिरून नाही राह्यला."

लेकाच्या बोचक्याकडे आईनं पाहिलंसुद्धा नाही.

किशनचा निरोप मिळताच पंप बसवणारा प्रसेनजित मोटरसायकलवर आला. तारा तपासल्या, ठीक होत्या. मग पाट्यांखाली वाकला आणि तसाच थबकला.

"काकू, इथले गोटे कुठी गेले?"

"म्या उचलले. लक्ष्मी आली घरात, अन् तिच्या पायाखाली गोटे?"

किशननं कपाळाला हात लावला. प्रसेनजित हसत सुटला. "अवं काकू, ह्या नव्या पाट्या दोनी बाजूनं उजेड पितेत. पांढऱ्या गोट्यावर ऊन पडते, ते उलटून पाटीच्या पोटाले लागते. तुमी तं सूर्याच्या अर्ध्या तोंडाले शेण फासलं!"

ललिताबाई हसली नाही. लेकाला ट्रकमध्ये आपणच बसवायला निघालो होतो, हे तिला तेव्हा कळलं. तिनं टोपली उचलली आणि सरळ बांधाकडे चालू लागली. किशन क्षणभर उभा राहिला, मग दुसरी टोपली घेऊन मागे गेला. अंधार पडेपर्यंत मायलेक गोटे पसरत होते.

दुसऱ्या दिवशी उन्हं तिरपी झाली तरी टेकाडावरचा फवारा गरगरत होता. सडकेवर ट्रकनं हॉर्न दिला, पुन्हा दिला. किशननं दुरूनच हात हलवला, 'जा' म्हणून. मग धावत पाट्यांखाली शिरला, पोटाकडून उजेड कसा लागतो ते बघायला.

पदरानं डोळे पुसता पुसता ललिताबाई एकदम खेकसली,

"चपला काढ रे बाहीर! खालून बी सूर्य येते इथं."