आधी गाडीचं बोला

बेबीताई धनजची. अकोल्याला नर्सचं शिक्षण घेऊन आली तेव्हा एकाहत्तर साल होतं. एका खाजगी दवाखान्यात तिनं दोन वर्षं काढली. मग एका दुपारी तिथं बाळंतपणात एक बाई अडली. डॉक्टर बाहेरगावी होते. "अकोल्याले न्या, आत्ताच न्या," बेबीताई सांगत राहिली. कंपाउंडर म्हणाला, डॉक्टर आल्याशिवाय नाही. डॉक्टर आले तेव्हा बाई गेलेली होती, खाटेवर फक्त ऊन पडलेलं होतं. त्याच दिवशी तिनं नोकरी सोडली.

नवीन जागेसाठी तिनं हरिसिंगला गाठलं. हा औषध कंपनीचा माणूस. चामडी बॅग घेऊन एसटीनं गावोगावच्या डॉक्टरांकडे फिरायचा. कोणाला नर्स हवी, कोणाचं कंपाउंडरशी वाजलं, सगळं त्याला ठाऊक. चांगलं माणूस मिळवून दिलं की डॉक्टर त्याची औषधं जास्त घेत. नर्सकडून तो चहाच घ्यायचा.

"जयभीम, हरिसिंगभाऊ. दवाखाना पाहा माह्यासाठी."

"पाहतो ना, ताई. पगार किती पायजे?"

"पगाराचं मागून. डॉक्टर नसले आन् बाई अडली, तर अकोल्याले धाडायचं मी ठरवीन. आन् न्यायले गाडी पायजे. एवढं आधी बोलून घ्या."

"दवाखाना पाहून राह्यल्या का सासर?"

"सासर असतं तर इतकं इचारू दिलं असतं का कोणी?"

कारंज्याच्या दवाखान्यात पंखा होता, राहायला खोली होती, दारात जीप होती. डॉक्टर तिचा अनुभव ऐकून खूश झाले. जीपचं विचारल्यावर मात्र हसले. "जीप माझी आहे, बाई." बेबीताई उठली.

बाहेर येताच हरिसिंग चिडला. "पंखा सोडला तुमी! पुढच्या जागी मीच सांगतो, बाई गरीब हाय, उलटून बोलत नाई."

"तसं नका सांगू. मी बोलते. बोलते म्हणूनच सांगा."

त्या दिवसांत ती आईबरोबर लोकांच्या शेतात तण निंदायला जायची. संध्याकाळी नखांतली माती काढून हात कोपरापर्यंत घासायची, उद्याच बोलावणं येणार असल्यासारखी.

जऊळक्याचे डॉक्टर जानराव उतारवयाचे. दवाखाना दोन खोल्यांचा. पंखा नाही, गाडीही नाही. हरिसिंगनं या खेपेला सगळं जसंच्या तसं सांगितलं आणि बॅग मांडीवर घेऊन दाराशी बसला, उठायच्या तयारीत.

"मले न इचारता धाडशीन?" डॉक्टरांनी तिला विचारलं.

"तुमी असले तर इचारून. नसले तर न इचारता."

"आन् तुहा अंदाज चुकला तर?"

"तर बाई अकोल्याहून धडधाकट वापस येईल. तुमी माह्यावर हसजा."

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी चपला पायात सरकवल्या. "चाल."

ते तिला थेट रेल्वे स्टेशनात घेऊन गेले. हरिसिंग मागोमाग. स्टेशनमास्तर हिरवी झेंडी गुंडाळत होते.

"मास्तर, मी गावात नसलो की या बाईचा शब्द तो माहा शब्द. पेशंट घेऊन आली तर अकोल्याच्या गाडीत जागा करून द्या."

"आन् मालगाडीच असली तर?" बेबीताईनं विचारलं. "थांबवान?"

मास्तरांनी डॉक्टरांकडे पाहिलं.

"तिले सांगा," डॉक्टर म्हणाले. "तिनं इचारलं."

मास्तर तिच्याकडे वळले. "थांबवतो, बाई."

हरिसिंगनं इतका वेळ काखेत दाबलेली बॅग खाली ठेवली. "आता पगाराचं बोलू का, ताई?"

"बोला," ती म्हणाली, आणि भिंतीवरचं वेळापत्रक पाठ करू लागली.